गाठीतले ठिपके आणि आईचा सोडलेला चहा

कॅन्सर झाल्याचं कळल्यावर इतर माणसं काय करतात, मला माहीत नाही. मी कोथिंबीर निवडली.

त्याचं असं झालं. नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलच्या आमच्या इंडियन ग्रोसरीत त्या दिवशी कोथिंबीर चक्क ताजी आली होती. एरवी ती पेशंटसारखी मान टाकून पडलेली असते. मी हावरटासारख्या सहा जुड्या उचलल्या, गाडीत येऊन बसले आणि फोन वाजला. छातीतल्या गाठीच्या बायोप्सीचा रिपोर्ट आला होता. पलीकडची बाई फार हळू आणि फार गोड बोलत होती. "डॉक्टरांना भेटायला या, आणि येताना कुणाला तरी सोबत आणा." सोबत आणा म्हटल्यावर काय समजायचं ते मी समजले. तरी विचारलं, "आहे का?" ती म्हणाली, "येस, मॅम."

एप्रिल लागला होता. इथे एप्रिलमध्ये पाइनच्या झाडांचा पिवळा पराग इतका उडतो की गाड्या जेजुरीहून आल्यासारख्या दिसतात. मी वायपर लावला, पाणी मारलं, काच आणखीनच बरबटली. तशीच घरी आले. सहा जुड्या निवडल्या, धुतल्या, चिरल्या, वड्या वाफवल्या आणि तळल्या. ताजी कोथिंबीर वाया घालवणं मला कॅन्सरमध्येसुद्धा जमलं नाही.

सतीश, म्हणजे माझा नवरा, ऑफिसातून आला. "अरे वा, वड्या! काय विशेष?" म्हणत उभ्याउभ्याच खायला लागला. मी त्याला चार वड्या खाऊ दिल्या. पाचवी उचलली तेव्हा सांगितलं. त्याने ती वडी परत ताटलीत ठेवली आणि किती वेळ तिच्याकडेच बघत राहिला. तेवीस वर्षांच्या संसारात या माणसाने हातात घेतलेली वडी परत ठेवल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. तेव्हा कुठे मला भीती वाटली.

*

आईला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. आई सांगलीत एकटी राहते, वय चौऱ्याहत्तर. उगाच घोर कशाला लावायचा? तो निश्चय फोनवरच्या तिसऱ्या वाक्यापर्यंत टिकला.

"आवाज का असा? आणि सर्दी म्हणू नकोस, शुभे. तुझी सर्दी मी ओळखते."

व्हिसा तिच्याकडे होताच. दोन आठवड्यांत ती आली. बॅगेत भाजणी, मेतकूट, रांगोळीचा डबा आणि चहाची दोन किलो पावडर. तुमच्याकडच्या चहाला रंगच नसतो, हे तिचं अमेरिकेबद्दलचं पहिलं आणि शेवटचं मत. आईचा दिवस पहाटेच्या चहाने सुरू होतो आणि संध्याकाळच्या सातव्या कपावर मावळतो. आठवा कप असतो, पण तो मोजायचा नसतो.

ती आली त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. त्याबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यातला बराच वेळ मी झोपलेली होते. लक्षात राहिलं ते एवढंच की येईल तो माणूस माझं नाव आणि जन्मतारीख विचारायचा. सातव्यांदा विचारल्यावर मला स्वतःलाच शंका यायला लागली. शिवाय एका नर्सने ज्या बाजूचं ऑपरेशन, तिथे मार्करने "येस" असं लिहिलं. आयुष्यभर स्वतःच्या शरीराकडे बघून मी "अरे देवा" म्हणत आले. कुणीतरी पहिल्यांदाच त्यावर "हो" लिहिलं.

इथल्या मराठी मंडळातल्या मैत्रिणींनी डब्यांची पाळी लावली होती. पेशंटला प्रोटीन हवं, हे प्रत्येकीने स्वतंत्रपणे शोधून काढलं असावं. पाचव्या दिवशी डबा उघडायच्या आधीच माझी सोळा वर्षांची लेक केतकी म्हणाली, "प्लीज, नॉट राजमा." राजमाच होता. हसू नका. तो राजमा नसता तर आमचं घर त्या आठवड्यात दूध-सीरियलवर जगलं असतं.

*

खरी गोष्ट इथून पुढे आहे.

ऑपरेशननंतर काढलेली गाठ तपासायला गेली. डॉक्टरीणबाई उंच, शिडशिडीत, पायात कायम पळायचे बूट. त्यांनी सतीशला आणि मला समोर बसवून सांगितलं, "काही गाठींमध्ये एका विशिष्ट जनुकाच्या प्रती वाजवीपेक्षा खूप जास्त झालेल्या असतात. ते जनुक पेशींना वाढायचा हुकूम देत राहतं. तुमच्या गाठीत तसं आहे का, हे बघायची पहिली तपासणी केली. तिचं उत्तर शून्य ते तीनमध्ये येतं. तुमचं दोन आलंय."

मी मराठी मध्यमवर्गीय आईच्या हाताखाली वाढलेली मुलगी. तीनपैकी दोन म्हटल्यावर पहिला विचार आला, एक मार्क कुठे गेला?

"दोन म्हणजे धड 'हो' नाही, धड 'नाही'ही नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून आता थेट जनुकंच मोजायची तपासणी करू. दहा दिवस लागतील."

मग त्यांनी जे सांगितलं, ते मी दहा दिवस चघळत राहिले. तो बदल सापडला, तर गाठ जास्त आडदांड, परत उपटायची शक्यता जास्त. पण नेमक्या त्याच बदलावर काम करणारं एक औषध आहे. अलीकडेपर्यंत ते आजार पसरलेल्या बायकांनाच द्यायचे, आता माझ्यासारख्यांनाही लवकर देता येतं. सापडला नाही, तर गाठ त्या मानाने शहाणी, पण त्या औषधाचा उपयोग शून्य.

सतीश सॉफ्टवेअर टेस्टर आहे. इतका वेळ वहीत लिहून घेत होता. शेवटी विचारलं काय, तर "त्या तपासणीचा फोटो मिळेल का?"

"फोटो?"

"म्हणजे, तुम्हाला जे दिसेल ते मलाही बघायचंय. स्क्रीनशॉट असल्याशिवाय मी कुठलाच बग मान्य करत नाही."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या आणि म्हणाल्या, "लॅबला विचारते."

घरी येताना हायवेवर तो म्हणाला, "देवाकडे मागायचं तरी काय यार? सापडू दे म्हणायचं, की सापडू नको दे?"

"तू कधीपासून मागायला लागलास?"

"आजपासून."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आंघोळ करून खरंच देवापुढे उभा राहिला. काय मागितलंस विचारलं, तर म्हणाला, "काही नाही. म्हटलं, जे असेल ते दिसू दे."

*

त्या दहा दिवसांत आईने चहा सोडला.

पहिल्या दिवशी मला कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघर गप्प वाटलं. आधण नाही, आलं ठेचल्याचा आवाज नाही. आई टेबलाशी बसून कपातून गरम पाणी पीत होती.

"चहा?"

"नको. ॲसिडिटी होतेय."

आईला ॲसिडिटी! या बाईने एकाच ताटात मिरचीचा ठेचा आणि फणसाची भाजी पचवलेली आहे. तिसऱ्या दिवशी तिचं डोकं दुखायला लागलं. चौथ्या दिवशी ती सगळ्यांवर खेकसायला लागली. डिशवॉशरमध्ये ताटल्या कशा लावायच्या यावरून सतीशशी बोलायची बंद झाली. जावयाशी अबोला म्हणजे तिच्या हिशोबाने आणीबाणी. पाचव्या दिवशी मी बघितलं, तर वरणाला फोडणी देताना ती रडत होती.

आता लिहिताना लाज वाटते, पण मी तिच्यावर ओरडले. "कॅन्सर मला झालाय, आई! रडायचं असेल तर मी रडेन! तू इथे मला सांभाळायला आलीस की मी तुला?"

ती पळी खाली ठेवून खोलीत गेली. वरण मीच उतरवलं, ते करपलेलंच होतं. आम्ही सगळ्यांनी ते निमूटपणे खाल्लं. आजारपणात घरातली माणसं जवळ येतात म्हणतात. येतात, पण आधी एकमेकांना कोपरं लागतात.

*

निकालाच्या दिवशी आई म्हणाली, मी पण येणार. केतकीची शाळा अर्धा दिवस होती, तीही म्हणाली, "आय ॲम कमिंग टू." आमची वरात दवाखान्यात पोचली.

वेटिंग रूममध्ये एक म्हातारे स्वयंसेवक गृहस्थ गाडा ढकलत पेशंटांना बिस्किटं आणि गार पेयं वाटत होते. त्यांनी आईला वाकून "मॅम" म्हणत एक ग्लास दिला. आईच्या घशाला कोरड पडली होती. तिने एका दमात संपवला. त्यांनी दुसरा दिला. तोही गेला.

"छान आहे गं सरबत," आई मला म्हणाली. दहा दिवसांतलं तिचं पहिलं शांत वाक्य. "लिंबू आहे. जरा तुरट लागतं, पण तरतरी आली."

केतकीने मान वर केली. "आजी, दॅट्स स्वीट टी."

"काय?"

"टी, आजी. चहा. विथ आइस."

नॉर्थ कॅरोलायनात पाण्याच्या खालोखाल हाच प्यायला जातो. मला सवय झालेली, म्हणून मी बघूनही बघितलं नव्हतं. आईने ग्लास असा खाली ठेवला की जणू त्यात पाल होती.

"आई, काय झालं?"

"नवस बोलले होते गं मी," ती पुटपुटली. "तपासणीत काही सापडेपर्यंत, म्हणजे, काही सापडलं नाही असं कळेपर्यंत चहा शिवणार नाही म्हणून. आणि आत्ता, दारात येऊन..."

"सापडू नये म्हणून?" सतीश अबोला विसरून ओरडलाच. "आई, अहो, पण सापडलं तर औषध आहे!"

"ते मला कुणी सांगितलं?"

खरंच, कुणीच सांगितलं नव्हतं. तिला घोर नको म्हणून आम्ही तिला अर्धंच सांगितलं होतं, आणि उरलेलं अर्धं तिने स्वतः भरून काढलं होतं. तेवढ्यात माझ्या नावाचा पुकारा झाला. नेहमीप्रमाणे नावाची तीन शकलं करून.

*

आत खुर्च्या तीन आणि माणसं चार. सतीश भिंतीला टेकला. डॉक्टरीणबाईंनी वेळ घालवला नाही. "सापडला," त्या म्हणाल्या. "बदल आहे, आणि अगदी स्पष्ट आहे."

माझ्या कानात पंखा फिरल्यासारखा आवाज यायला लागला. म्हणजे आडदांड गाठ. म्हणजे औषध. दोन्ही विचार एकदम दारात आले आणि अडकले.

आईला इंग्रजी बेताचंच येतं, पण सापडला हे तिला कळलं. ती पदर तोंडाला लावून हुंदके द्यायला लागली. "माझ्यामुळे. माझ्याकडून गेलं. मी दिलं पोरीला."

"काय दिलंस, आई?"

"जीन! केतकीनेच सांगितलं ना, जीन आईबापांकडून येतात म्हणून. मग हिला दुसऱ्या कुणी दिला? मी म्हटलं, सापडलं नाही तर माझा दोष नाही. म्हणून तर सोडला होता चहा."

मी केतकीकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. "आय ओन्ली सेड इट बिकॉज..." ती म्हणाली, आणि मग अगदी बारीक आवाजात, "मॉम, इफ यू गॉट इट फ्रॉम आजी, देन आय..."

म्हणजे माझ्या घरात दहा दिवस दोन बाया, एक चौऱ्याहत्तर वर्षांची आणि एक सोळाची, एकाच भीतीच्या दोन टोकांना बसून होत्या. आणि मधली मी, गोष्टी सांगणारी, सगळ्या मंडळाला पोट धरून हसवणारी, मला पत्ता नव्हता.

सतीशने डॉक्टरीणबाईंना इंग्रजीत सगळं सांगितलं. चहासकट. त्यांनी ऐकून घेतलं, फाइल उघडली आणि एक छापलेला फोटो काढून आईच्या मांडीवर ठेवला. "हा तुमच्या जावयांनी मागितला होता," त्या म्हणाल्या. "बरं झालं मागितला."

काळ्या पार्श्वभूमीवर निळे गोल होते. प्रत्येक गोल म्हणजे एक पेशी. आत चमकणारे ठिपके, काही लाल, काही हिरवे. त्यांनी एका कडेच्या गोलावर पेन टेकवलं. "ही तुमच्या मुलीची चांगली पेशी. लाल ठिपके म्हणजे ते जनुक, हिरवे नुसते ताळा बघायला. मोजा."

सतीश एकेक वाक्य मराठीत सांगत होता. आईने चष्मा चढवला. "दोन."

"आई-वडिलांकडून एकेक. ही शेजारची चांगली पेशी?"

"दोनच."

"आता ही गाठीतली."

आई मोजायला लागली. सहा, सात, नऊ... मग सोडून दिलं. लाल ठिपक्यांचा नुसता गुच्छ झाला होता.

"तुम्ही दिलेलं या इथे आहे," डॉक्टरीणबाई कडेच्या पेशीवर बोट ठेवून म्हणाल्या, "आणि ते बरोबर आहे. हा पसारा गाठीने नंतर स्वतः घातला. तो गाठीतच आहे, बाकी शरीरात नाही. हा तुमच्याकडून हिला आलेला नाही, हिच्याकडून नातीलाही जाणार नाही." मग केतकीकडे वळून, "घराण्यातून येणारे बदल वेगळे असतात. त्यांची रक्ताची तपासणीही वेगळी. हवी असेल तर करू." पुढे आम्ही तीही केली. त्यात काही निघालं नाही.

सतीशने हेही मराठीत सांगितलं. आई फोटोकडे बघतच होती. आयुष्यभर रोज सकाळी दारात रांगोळी काढलेली बाई ती. शेवटी म्हणाली, "कडेचे ठिपके बघ कसे नेटके आहेत. मी मांडले तसेच आहेत." आणि मधल्या गुच्छावर बोट आपटून, "हा पसारा माझा नव्हे. माझा हात असा कधीच चालत नाही."

केतकी रडता रडता हसायला लागली. मीही. माझ्या कानातला पंखा थांबला होता.

"मग आता औषध?" मी विचारलं.

"आधी केमो. मग ते औषध, दर तीन आठवड्यांनी, वर्षभर. मधूनमधून हृदय तपासू. सोपं नाही. कराल?"

"करेन," मी म्हणाले. माझं बोलणं कधी इतक्या कमी शब्दांत आटोपत नाही.

*

गाडीत आईने जाहीर केलं, "मागणंच चुकलं होतं माझं. आता नीट मागते. हिचं औषध पुरं होईपर्यंत चहा बंद."

"आई, वर्षाहून जास्त जाईल!" सतीश म्हणाला.

"तुमची बायको वर्षभर सुया टोचून घेणार, आणि मला चहा सोडवणार नाही होय? आणि ते मघाचं सरबत धरत नाहीत. नकळत प्यायलेलं माफ असतं."

"टू ग्लासेस, आजी," केतकी मागून म्हणाली.

"तू गप्प बस. तुझ्याच जीनने घोटाळा केलाय सगळा."

केमोचं काय सांगू? तिसऱ्या आठवड्यात केस गेले. आरशात माझे थोरले काका दिसायला लागले. आईने तरी रविवारचं तेल चुकवलं नाही. वाटीत खोबरेल कोमट करून माझ्या तुळतुळीत डोक्याला चोळत बसायची. "जमीन तयार ठेवावी," म्हणायची. तोंडाला चव नव्हती, पायात बळ नव्हतं, आणि काही दिवस असे गेले की मला कुणाचा आवाजही नको होता. त्या दिवसांत तिचा तळवा डोक्यावर असायचा, एवढंच पुरेसं होतं. व्हिसाचे सहा महिने संपले आणि ती परत गेली. उरलेली चहाची पावडर आमच्या कपाटात ठेवून.

ज्या बाईला आज असा फोन आला असेल, तिला माझं एवढंच सांगणं आहे. गाठ तपासायला जाईल तेव्हा नेमकं काय शोधताहेत, ते विचार. आणि जे कळेल ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आणि पोरांनाही पुरतं सांग. अर्धवट सांगितलेलं फार वाईट वाढतं. आणि जमलं तर नवऱ्याला फोटो मागू दे, लाज वाटली तरी.

*

शेवटचा डोस पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये झाला. हृदय शाबूत, डोक्यावर मुलगा वाटावा इतके केस. नर्सने सुई काढली, कापूस लावला आणि मी तिथेच खुर्चीत बसून भारतात स्वस्तात बोलायच्या कॉलिंग कार्डचे लांबलचक आकडे दाबले. सांगलीत संध्याकाळ होती.

"आई, झालं. आत्ताच. शेवटचं."

तिचा आवाज आला, अगदी कामातला. "थांब. फोन ठेवू नकोस."

चपला फरफटल्या. लायटर दोनदा कटकटला. आलं ठेचल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. नर्स खुणेने विचारत होती, सगळं ठीक ना? मी मान हलवली. मग भांडं उचलल्याचा, गाळणं आपटल्याचा, आणि बशीत ओतल्याचा आवाज. आणि मग एक लांब, सावकाश, निर्लज्ज भुरका, सांगलीपासून नॉर्थ कॅरोलायनापर्यंत.

"हं," आई म्हणाली. "आता बोल. पहिल्यापासून सांग."